भाड्याच्या सभागृहातील मंडळी

शनिवार पाळणारे ख्रिस्ती म्हटले की पुण्याच्या स्पायसर महाविद्यालयामुळे आपल्याला सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट बांधव आठवतात. मी लिहीत आहे ते मात्र अमेरिकेतील दुसऱ्याच एका शब्बाथपालक मंडळीविषयी. तिचे नाव वर्ल्डवाइड चर्च ऑफ गॉड. हर्बर्ट आर्मस्ट्राँग यांनी १९३४ साली ऑरेगॉन राज्यात रेडिओवरून उपदेश सुरू केला आणि त्यातून ही मंडळी उभी राहिली. पुढे कॅलिफोर्नियातील पॅसाडीना हे तिचे मुख्य ठाणे झाले.

पवित्र त्रैक्य त्यांना मान्य नव्हते, नाताळ ते पाळीत नसत, डुकराचे मांस वर्ज्य मानीत. सेमिनरीत अशा पंथांची ओळख आम्हांला त्यांच्या चुकांच्या यादीतूनच झाली. स्वतः धर्मग्राम सांभाळू लागल्यावर मात्र मला निराळाच प्रश्न पडू लागला: ही माणसे इतकी वर्षे एकत्र राहिली ती कशाच्या बळावर?

बहुतेक गावांत त्यांचे स्वतःचे मंदिर नव्हते. शनिवारी भाड्याचे सभागृह घ्यायचे, खुर्च्या मांडायच्या, आर्मस्ट्राँग यांचे बंधू ड्वाइट यांनी चाली दिलेली स्तोत्रे गायची, लांबलचक प्रवचन ऐकायचे. शनिवारी कामाला नकार दिल्याने कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या. नाताळच्या मेजवानीला न गेल्याने आप्तेष्ट दुरावले. साहजिकच शेजारच्या खुर्चीवरचा माणूस हाच सोयरा झाला. वर्षभर एक वेगळा दशमांश बाजूला ठेवून शरद ऋतूत ती कुटुंबे मंडपांच्या सणाला दूरगावी जात आणि आठ दिवस एकत्र काढीत. आपली मुले नाताळची वाट पाहतात तशी त्यांची मुले या सणाची वाट पाहत.

१९८६ साली आर्मस्ट्राँग निवर्तले. त्यांचे उत्तराधिकारी जोसेफ टकॅच यांनी शिकवणुकीची फेरतपासणी आरंभिली. १९९३ साली मंडळीने त्रैक्याचा सिद्धांत स्वीकारला. २४ डिसेंबर १९९४ रोजी, शनिवारीच, टकॅच यांनी अटलांटा येथे प्रवचन केले: शब्बाथ, दशमांश व अन्नाचे नियम ख्रिस्ती माणसावर बंधनकारक नाहीत.

कॅथॉलिक वाचकाला याचा आनंदच व्हावा. ती मंडळी आपल्या श्रद्धेच्या जवळ आली होती. परंतु काही वर्षांतच उपस्थिती निम्म्यावर आली. शेकडो पाळकांनी व हजारो सभासदांनी वेगळी वाट धरली. त्यांतील काहींनी १९९५ साली इंडियानापोलिस येथे युनायटेड चर्च ऑफ गॉड स्थापन केले. २०१० च्या अखेरीस त्यातही फूट पडली. मूळ मंडळीने २००९ साली ग्रेस कम्युनियन इंटरनॅशनल हे नाव घेतले. एकाच घरातील माणसे वेगवेगळ्या सभागृहांत बसू लागली. ज्याने शनिवारपायी नोकरी गमावली होती, त्याला तो त्याग अनावश्यक होता असे सांगण्यात आले. त्याचे सांत्वन कोणी करावे?

सत्य सांगू नये असे मी मुळीच म्हणणार नाही. परंतु सत्य व्यासपीठावरून एका दिवसात सांगता येते, ते माणसांच्या अंगवळणी पडायला मात्र वर्षे लागतात. त्या काळात मेंढपाळाने कळपासोबत चालावे लागते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) आपल्याकडे मराठी मिस्सा आली, तेव्हा माझी आजी हळहळली होती. लॅटिनचा एक शब्दही तिला कळत नव्हता, तरी तिला तीच प्रार्थना जवळची होती. मराठी मिस्साच्या वेळीही ती जपमाळ ओढीत राहिली. तिला कोणी दटावले नाही. शेजारणी तिला हाताला धरून देवळात नेत राहिल्या आणि हळूहळू तिच्या ओठी मराठी प्रार्थना आल्या.

आपली देवळे भक्कम आहेत, बाके आपल्या पूर्वजांनी दिलेली आहेत. भाडे भरण्याची चिंता नाही. पण शेवटच्या आशीर्वादाआधीच बाहेर वाहने सुरू होतात. एखादा वृद्ध तीन रविवार दिसला नाही, तर ते कोणाच्या ध्यानात येते? त्या शनिवारच्या सभागृहांत रिकामी खुर्ची लगेच दिसत असे. त्यांची शिकवण आपली नव्हे. परंतु ही नजर आपल्यापाशी असायला हवी, आणि ती एकट्या धर्मगुरूकडे असून भागणार नाही. पुढील रविवारी मिस्सा संपल्यावर पाच मिनिटे देवळाच्या अंगणात थांबा. कोण आले नाही ते पाहा, आणि घरी जाताना त्याच्या दारावरून जा.