दुसरा आकडा

वेस्ट बेत नोकरी करणारे आम्ही चार मराठी इंजिनिअर जमलो, की गप्पांची गाडी हमखास मुंबई-पुणे एक्स्प्रेस-वेवर जाते. साहजिकच आहे; सुट्टीत विमानतळावरून बायकामुलांना घेऊन आम्ही त्याच रस्त्याने घरी जातो.

कतारने 2013 साली रस्तासुरक्षेचे दहा वर्षांचे राष्ट्रीय धोरण आखले. 2022 पर्यंत वर्षाचे मृत्यू 130 वर आणि गंभीर जखमी 300 वर आणायचे, अशी दोन वेगळी उद्दिष्टे त्यात होती. हा दुसरा आकडा आम्हाला फार मोलाचा वाटतो. जीव वाचला पण कमरेखालचं अंग लुळं पडलं, तर अख्ख्या घराची घडी विस्कटते. बातमीत मात्र तो माणूस नुसता 'जखमी'!

आपल्याकडे काहीच होत नाही, असंही नाही. एक्स्प्रेस-वेवर 2016 मध्ये 151 माणसं गेली. त्याच वर्षी तिथे 'झीरो फॅटॅलिटी कॉरिडॉर'चं काम सुरू झालं. धोक्याच्या जागी कठडे आले, फलक आले, वेगावर नजर आली. 2019 मध्ये आकडा शंभराच्या आत आला. पण राज्यभरात आजही वर्षाला सुमारे 15 हजार माणसं रस्त्यावर मरतात.

'ड्रायव्हरची चूक' म्हणून फाइल मिटवणं सोपं. चूक माणसाकडून व्हायचीच; तिची शिक्षा मरण किंवा जन्माचं अपंगत्व असू नये, हे रस्ता बांधणाऱ्यानं बघायचं. एका रस्त्याला जे जमलं, ते आपल्या गावच्या फाट्यापर्यंत कधी पोचणार?