माउसच्या पोटातला कॅमेरा

माउसच्या पोटात कॅमेरा असतो. खराखुरा, भिंग आणि दिव्यासकट! आणि तो सेकंदाला हजारो फोटो काढतो. कशाचे, तर तुमच्या टेबलाचे. लाकडाच्या रेषा, मॅटचे धागे, सनमायकावरचे ओरखडे, जे काही खाली दिसेल त्याचे चिमुकले काळेपांढरे फोटो. मग आतली चिप मघाचा फोटो आणि आत्ताचा फोटो ताडून बघते: हा ओरखडा मघाशी इथे होता, आता तिथे आहे, म्हणजे हात इतका उजवीकडे सरकला. बस्स, एवढ्यावर पडद्यावरचा बाण हलतो. बँकेत लागल्यापासून मी दिवसभर ज्या वस्तूवर हात ठेवून बसते तिच्या आत हे सगळं चालू असतं आणि मला कुणी सांगितलंच नाही, याचा अजून राग येतोय!

निमित्त भाच्याचं. तो नाशिकला इंजिनिअरिंगला आहे आणि व्हॅलोरंट नावाचा नेमबाजीचा गेम खेळतो. पाच विरुद्ध पाच. दिवाळीत आला होता तेव्हा ‘एकदा बघ तर’ म्हणून त्याने मला खुर्चीत बसवलं, आणि मी बसले ती उठायला तयार होईना. आता जेवणं आवरली की तो नाशकातून, मी ठाण्यातून, कानाला हेडफोन लावून एकाच टीममध्ये. (गेमचा सर्व्हर मुंबईत आहे, त्यामुळे आम्हा ठाणेकरांची गोळी जरा लवकर पोचते, हा आणखी एक माज.) तर परवा तो म्हणाला, “मावशी, तू अजून त्या कॉम्प्युटरबरोबर फुकट आलेल्या माउसवर खेळतेस? आधी तो बदल.” म्हटलं बदलते, त्यात काय! गेमिंग माउस म्हणजे ज्यात रंगीबेरंगी दिवे लागतात तो, एवढंच मला माहीत. दुकानात जायचं, लाल की निळा ते सांगायचं, पैसे द्यायचे, यायचं. जाण्याआधी जरा वाचून घ्यावं म्हणून बसले आणि गेले की हो वाहवत.

त्या कॅमेऱ्याचंच घ्या. पिक्सआर्ट नावाच्या तैवानी कंपनीचा ३३६० हा सेन्सर गेमवाल्यांत फार नावाजलेला. त्याचा फोटो असतो ३६ बाय ३६ ठिपक्यांचा. आपल्या फोनच्या फोटोत कोट्यवधी ठिपके असतात, इथे सगळे मिळून १२९६! त्या फोटोत तुम्हा-आम्हाला धुरकट डागांपलीकडे काही दिसणार नाही. पण असे फोटो तो सेकंदाला १२ हजारांपर्यंत काढतो, आणि डाग कुठून कुठे गेला एवढंच त्याला हवं असतं. आता मला आमच्या साहेबांच्या टेबलाचं कोडं सुटलं. सरकारी थाटाचं टेबल, वर काच, काचेखाली कॅलेंडर, व्हिजिटिंग कार्डं आणि गजानन महाराजांचा फोटो. तिथे माउस हमखास आडमुठेपणा करतो आणि साहेब तो आपटतात. माउसची चूक नाही हो! स्वच्छ काचेवर कॅमेऱ्याला पकडायला खूणच मिळत नाही. खाली एक कोरा कागद सरकवला तरी तो सुतासारखा चालतो, कारण कागदाचे तंतू त्याला दिसतात. मी सोमवारी करून दाखवलं. साहेबांनी कागद तसाच ठेवलाय.

घरी आल्यावर मी, भाचा दिवाळीत विसरून गेलेला त्याचा जुना माउस उलटा करून पाहिला. भिंगात अंधार. म्हटलं बंद पडला वाटतं. मग फोनचा पुढचा कॅमेरा त्यावर धरला आणि फोनच्या पडद्यावर जांभळट ठिपका लकाकला! दिवा चालू होता, पण अवरक्त प्रकाशाचा. आपल्या डोळ्यांना दिसत नाही, फोनला दिसतो. लेकीला झोपेतून उठवून दाखवलं. ती “हं” म्हणाली आणि परत झोपली.

ज्यांनी एमएस-सीआयटीचा क्लास केलाय त्यांना चेंडूवाला माउस आठवत असेल. खालची चकती फिरवायची, रबराचा जड चेंडू हातात घ्यायचा, आणि आतल्या रोलरवर बसलेली मळाची वळी नखाने खरवडायची. निम्मा क्लास त्यातच जायचा. त्याच्याही आधी, डग्लस एंगलबार्ट यांच्या कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेत १९६४च्या सुमाराला बनलेला पहिला माउस चक्क लाकडी ठोकळा होता, खाली काटकोनात बसवलेली दोन चाकं. ९ डिसेंबर १९६८ला त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोत तो लोकांपुढे चालवून दाखवला. चेंडूची सद्दी संपवणारा मायक्रोसॉफ्टचा ऑप्टिकल माउस आला १९९९मध्ये. मजा म्हणजे त्याच वर्षी रेझरने खास गेमवाल्यांसाठी म्हणून बूमस्लँग नावाचा माउस काढला, आणि त्यात चेंडूच होता!

आता खोक्यावरच्या आकड्यांकडे येते. डीपीआय! प्रत्येक खोक्यावर हा आकडा सगळ्यात मोठा छापलेला असतो. ८००० डीपीआय, १६००० डीपीआय, २५६०० डीपीआय. मोठा आकडा म्हणजे भारी माउस असं कुणालाही वाटेल. पण डीपीआय म्हणजे काय, तर माउस एक इंच सरकल्यावर तो कॉम्प्युटरला किती पावलं मोजून सांगतो ते. आपला साधा पडदा १९२० ठिपके रुंद. ८०० डीपीआयवर सरळ हिशेब केला तर या टोकापासून त्या टोकाला जायला माउस २.४ इंच सरकवायचा. ठीक, हाताला झेपणारं. आता २५६००वर हाच हिशेब करा. दोन मिलिमीटरसुद्धा नाहीत! श्वास घेतला तरी बाण पडद्याबाहेर. भाच्याला विचारलं तर तो हसला; तो आणि त्याचे सगळे दोस्त ८००वर खेळतात. म्हणजे ज्या आकड्यासाठी दुकानदार जास्त पैसे मागतो तो कुणी वापरतच नाही? साधारण तसंच. चांगला सेन्सर आता स्वस्त माउसमध्येही येतो, आणि त्यापुढचे आकडे खोक्याच्या शोभेसाठी.

पण खरी मजा पुढे आहे. गेमच्या आत सेन्सिटिव्हिटी म्हणून वेगळा आकडा असतो. भाच्याचा ०.३५. मी कागद-पेन घेऊन बसले (बँकेत असल्याचा एवढा तरी उपयोग). व्हॅलोरंटमध्ये सेन्सिटिव्हिटी १ असेल तर माउसच्या एका पावलाला आपला खेळाडू ०.०७ अंश वळतो. ८०० गुणिले ०.३५ गुणिले ०.०७, म्हणजे एका इंचाला १९.६ अंश. मग पूर्ण गर्रकन गोल फिरायला? सव्वाअठरा इंचांच्या थोडं वर, जवळजवळ ४७ सेंटिमीटर! म्हणजे पाठीमागून कुणी आलं आणि नुसतं मागे वळायचं झालं तरी हात साडेतेवीस सेंटिमीटर सरकायला हवा. मी इतके दिवस मनगट टेकवून बोटाच्या दोन पेरांएवढ्या जागेत माउस नाचवत होते. हा पोरगा कोपरापासून आख्खा हात फिरवतो! म्हणून त्याची मॅट तेवढी मोठी, म्हणून त्याच्या टेबलावर पाण्याची बाटली नाही. मी त्याच रात्री जेवणाच्या टेबलावर मोजपट्टी पसरून हात फिरवून पाहिला आणि तिसऱ्या फेरीला मिठाची बरणी पाडली. पण नेम! हात मोठा फिरला की शेवटची बारीक दुरुस्ती करायला जागा उरते. आधी मी कायम शत्रूच्या कानाशेजारची भिंत फोडायचे.

हर्ट्झचं फार सांगत नाही. जुना माउस सेकंदाला १२५ वेळा आपली खबर देतो, गेमिंग माउस हजार वेळा, म्हणजे दर मिलिसेकंदाला. आता ८००० वाले पण निघालेत, पण माझा मॉनिटर साधा ६० हर्ट्झचा, तो सोळा-सतरा मिलिसेकंदांनी एकदा चित्र बदलतो. त्याला घेऊन ८०००च्या मागे लागण्यात अर्थ नाही. एक गोष्ट मात्र आत्ता उठून करा, फुकट आहे. विंडोजच्या माउस सेटिंगमध्ये ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ अशी खूण असते, ती काढा. नाव अचूकतेचं, आणि काम काय, तर तोच हात तेवढाच सरकवला तरी जोरात सरकवला की बाण लांब नेऊन टाकायचा! हाताला अंतराची सवय लागणार कशी? बरेच नवे गेम ही सेटिंग जुमानत नाहीत, पण एरवीच्या वापरातही ती काढल्यावर मला सुटल्यासारखं झालं.

एवढं सगळं डोक्यात घेऊन ग्रँट रोडला उतरले आणि लॅमिंग्टन रोड गाठला. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असला तरी टॅक्सीवाल्यापासून दुकानदारापर्यंत सगळे लॅमिंग्टनच म्हणतात. बोळात शिरलं की दोन्ही बाजूंना काउंटर, खोक्यांची चळत आणि “ताई, क्या चाहिए” सुरू. मी ज्या काउंटरपाशी थांबले तिथल्या मुलाने डीपीआय विचारलाच नाही. “कुठला गेम?” आणि लगेच, “हात दाखवा.” ज्योतिषाला दाखवावा तसा मी हात पुढे केला. त्याने पट्टी लावली: मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत १७ सेंटिमीटर. “छोटा आहे. हा घेऊ नका.” मी नेमका ज्याच्यावर डोळा ठेवून आले होते तो माउस त्याने बाजूला केला.

मग त्याने एकेक माउस काढून हाताखाली ठेवायला सुरुवात केली. पाम ग्रिप म्हणजे आख्खा तळवा टेकवून. क्लॉ म्हणजे तळव्याची टाच टेकलेली आणि बोटं वाकवलेली. फिंगरटिप म्हणजे नुसती बोटांची टोकं लागलेली, तळवा अधांतरी. मी कशी धरते ते मला सांगता येईना. “आता धरलाय ना, तसाच ठेवा,” तो म्हणाला आणि खाली वाकून बघू लागला. क्लॉ! मी क्लॉवाली आहे, आणि हे मला या वयात लॅमिंग्टन रोडवर कळलं. त्यानंतर मात्र गंमतच झाली. मोठ्या माउसवर माझी करंगळी फरफटत होती, अंगठा बाजूच्या बटणापर्यंत ताणावा लागत होता. पुढचा छोटा घेतला आणि बोटं आपोआप जागच्या जागी.

आणि वजन! २०१४चा लॉजिटेकचा प्रसिद्ध जी-५०२ होता १२१ ग्रॅमचा, आणि खोक्यात ३.६ ग्रॅमची पाच वजनं वेगळी, अजून जड करायला. तेव्हा जडपणाची हौस होती. पुढे वारं असं फिरलं की २०१९मध्ये ग्लोरियसने आपल्या मॉडेल ओच्या पाठीला जाळीसारखी भोकं पाडून तो ६७ ग्रॅमवर आणला, आणि २०२०मध्ये लॉजिटेकने तारेशिवायचा, बॅटरी आत असलेला माउस ६३ ग्रॅमच्या आत बसवला, तोही भोकं न पाडता. कोपरापासून हात फिरवणाऱ्यांना याचं मोल विचारा. सुरू करायला हलका आणि, जास्त महत्त्वाचं म्हणजे, थांबवायला हलका.

खालचे पाय पीटीएफईचे, म्हणजे नॉनस्टिक तव्यावर असतं तेच टेफ्लॉन. बटणाच्या आत पूर्वापार धातूची पत्ती असते. ती टेकताना किंचित थरथरते, झिजली की एकदा दाबलेलं दोनदा मोजलं जातं. आमच्या शाखेत एका क्लिकला दोन खिडक्या उघडतात त्याचं मूळ हे. नव्या ऑप्टिकल बटणात पत्तीऐवजी प्रकाशाचा झोत अडवला किंवा सोडला जातो, थरथरीचा प्रश्नच नाही. त्या मुलाने माउस माझ्या कानाशी धरून हलवला. “काही खुळखुळतंय?” नाही. “मग घ्या.”

घेतला. तारेचा, मऊ कापडी वेष्टणाची तार, साठ ग्रॅमच्या आसपास, दिवा एकच आणि तोही बंद करून ठेवलाय. बिनतारी चांगले झालेत, पण चार्जिंगला लावायच्या वस्तू घरात आधीच फार आहेत. भाच्याला फोटो पाठवला तर “मावशी, भारी!” आणि त्याच रात्री त्याला मागून येऊन वाचवल्यावर नुसतं “अरे!”

आता लेक मागे लागलीय. ती डावखुरी, आणि तिची अडचण खरी आहे: बहुतेक माउसना अंगठ्याची बटणं डाव्या कुशीला असतात, डाव्या हातात धरला की ती करंगळीच्या बाजूला जातात आणि अंगठा रिकामा. दोन्ही हातांचा म्हणून विकलेल्या कितीतरी माउसचा आकारच तेवढा दोन्ही हातांचा असतो, बटणं एकाच बाजूला. लॉजिटेकच्या २०१८च्या जी प्रो वायरलेसला ती दोन्ही कुशींना लावता येतात, आणि रेझरने नागा हा बाजूला बारा बटणांचा माउस डाव्या हातासाठी वेगळा काढला होता. तिचा हात मोजून झालाय, साडेसोळा, आणि ती चक्क पामवाली निघाली. या आठवड्यात दुसरा शनिवार आहे, बँक बंद, तेव्हाच जाऊ. रविवारी लॅमिंग्टन रोडची बरीच दुकानं बंद असतात आणि सोमवारपर्यंत दम धरायची आमच्या दोघींचीही तयारी नाही.