एककल्ली पत्रा

रस्त्याकडेच्या डीपीत, म्हणजे ट्रान्सफॉर्मरमध्ये, तेलात बुडून बसलेला हा पत्रा. जाडी जेमतेम पाव मिलिमीटर, लोखंडात तीनेक टक्के सिलिकॉन. धंद्यातले लोक त्याला सीआरजीओ म्हणतात: थंड लाटलेला, कणांची तोंडं एका दिशेला वळवलेला. स्वभावाने पक्का एककल्ली. लांबीच्या दिशेने चुंबकत्व द्या, चटकन घेतो; आडवं दिलं की अडून बसतो, तापतो, फुकटची वीज खातो. ट्रान्सफॉर्मरचा गाभा रचताना कोपऱ्यावर चुंबकत्वाला वळावंच लागतं, तिथे त्याची मर्जी राखायला पट्ट्या ४५ अंशांत तिरक्या कापून जोडतात.

हा हट्ट जन्मजात नव्हे. लोखंडाचा स्फटिक घनाकृती. घनाच्या कडेच्या दिशेने तो सर्वांत सहज चुंबकतो, हे होंडा आणि काया या जपानी शास्त्रज्ञांनी १९२६ मध्ये मोजून दाखवलं होतं. पण साध्या पत्र्यात असंख्य कण, ज्याचं तोंड जिकडे तिकडे. लाटणाऱ्या रुळांखाली पत्रा दबला की कणाकणातले अणूंचे थर एकमेकांवरून घसरतात. शेजारी मोकळं घसरू देत नाहीत, म्हणून कण फिरतो आणि गर्दीची तोंडं ठरावीक दिशांना वळू लागतात.

गंमत अशी, की थंड लाटल्यावरही बहुमत भलत्याच दिशांचं असतं. हवे तसे, म्हणजे घनाची कड पत्र्याच्या लांबीला धरून, बसलेले कण मूठभर, घसरणीच्या अरुंद पट्ट्यांत दडलेले. मग सुमारे १२०० अंशांची भट्टी. मँगनीज सल्फाइडचे बारीक कण आधी सगळ्यांच्या सीमा धरून ठेवतात. ती पकड सुटू लागली, की हेच मूठभर कण शेजाऱ्यांना गिळत सेंटिमीटरभर फुगतात. नेमके हेच का जिंकतात, यावर धातुशास्त्रज्ञ अजून भांडतात. मला तर हा वाद पत्र्याइतकाच आवडतो.

अमेरिकेत नॉर्मन गॉसला १९३४ मध्ये थंड लाटून भाजण्याच्या रीतीचं पेटंट मिळालं; कणांची तोंडं नेमकी कुठे आहेत ते भौतिकशास्त्रज्ञ बोझॉर्थने पुढच्याच वर्षी क्ष-किरणांनी दाखवलं.

पत्रा बोलतोही. वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते, तो तेवढ्यात १०० वेळा किंचित लांबतो-आखडतो. डीपीची घूंघूं बरीचशी त्याचीच. मात्र भारी नाजूक. वाकवला, आपटला, बोथट डायने कापला, तर आत ताण बसतो आणि वीज जास्त जळते. सुमारे ८०० अंशांवर पुन्हा भाजला तर बराचसा सावरतो. जुन्या ट्रान्सफॉर्मरमधला पत्रा काढून, कापून पुन्हा खपवणारे एवढी भट्टी पेटवतातच असं नाही. वरून तो नव्यासारखाच दिसतो. वाढीव वीज पुढे वर्षानुवर्षं जळत राहते, आणि तिचं बिल पत्रा विकणाऱ्याला येत नाही.