जुन्या नोटेची किंमत

आपल्या किनाऱ्यावरच्या बहुतेक घरांत एक जुनी पत्र्याची पेटी असते. आमच्या दिघीतही अशा पेट्या आहेत. या भागातील कितीतरी माणसे नोकरीसाठी आखाती देशांत गेली. सुट्टीवर येताना त्यांनी रेडिओ, टेपरेकॉर्डर, घड्याळे आणि कॅल्क्युलेटर आणले. काळ बदलला, वस्तू जुन्या झाल्या आणि पेटीत जाऊन पडल्या.

अलीकडे या पेट्या पुन्हा उघडू लागल्या आहेत. जुन्या वस्तूंना लाखो रुपये मिळतात, असे मोबाइलवर रोज वाचायला मिळते. मग प्रत्येकाला वाटते, आपल्या घरातही खजिना असेल!

एकदा माझा एक विद्यार्थी आजोबांचा जपानी कॅल्क्युलेटर घेऊन माझ्याकडे आला. तो म्हणाला, "सर, इंटरनेटवरच्या लिलावात अगदी असाच कॅल्क्युलेटर चाळीस हजारांना आहे."

मी विचारले, "चाळीस हजारांना ठेवला आहे, की विकला गेला आहे?"

तो विचारात पडला. मग आम्ही दोघांनी विकल्या गेलेल्या वस्तूंची यादी उघडली. तसेच कॅल्क्युलेटर अवघ्या काहीशे रुपयांना गेले होते. चाळीस हजारांचा मात्र तसाच पडून होता.

मुलांनो, येथेच खरी मेख आहे. मासळीच्या लिलावात विकणारा हवी ती किंमत सांगतो; पण घेणारा जी किंमत मोजतो, तोच त्या दिवसाचा भाव ठरतो. इंटरनेटवर मोठा आकडा लिहायला फारसे काही लागत नाही. शंभरांतला एक अजाण ग्राहक फसला, तरी विकणाऱ्याचे काम होते. तो आकडा पाहून दुसरा विक्रेताही तसाच आकडा लिहितो.

वस्तू केवळ जुनी झाली म्हणून मौल्यवान होत नाही. ती दुर्मीळ असावी लागते, चांगल्या स्थितीत असावी लागते आणि ती हवी असणारा जाणकारही असावा लागतो. १९७२ साली अमेरिकेत एचपी-३५ हा खिशात मावणारा शास्त्रीय कॅल्क्युलेटर ३९५ डॉलरला मिळत असे. त्याच वर्षी जपानमध्ये कॅसिओ मिनी १२,८०० येनला विकायला आला. पुढे असे कॅल्क्युलेटर स्वस्त झाले आणि लाखोंच्या संख्येने घरोघरी पोहोचले. जी वस्तू लाखो घरांत आहे, तिला दुर्मीळ कसे म्हणावे?

कॅल्क्युलेटर विकला गेला नाही, तर नुकसान होत नाही. पण याच मोहातून मोठे नुकसानही होते. आमच्या मोहल्ल्यात एक खाला राहतात. त्यांच्याजवळ ७८६ क्रमांकाची एक नोट आहे. मरहूम पतीने ती त्यांना ईदी म्हणून दिली होती. कोणीतरी त्या नोटेचा फोटो इंटरनेटवर टाकला. दुसऱ्याच दिवशी फोन आला, "तुमच्या नोटेचे तीन लाख मिळतील. आधी नोंदणीचे साडेआठशे रुपये भरा." खालांनी ते भरले. मग कराचे पैसे मागितले, मग दलालीचे. बँकेचा शिक्का असलेले एक पत्रही मोबाइलवर आले. अठरा हजार रुपये गेल्यावर तो फोन कायमचा बंद झाला.

ते पैसे पावसाळ्यापूर्वी घराची कौले बदलण्यासाठी ठेवले होते. त्या पावसाळ्यात खालांच्या घरात जागोजागी भांडी मांडलेली मी पाहिली. लाजेने त्यांनी महिनाभर कोणाला काही सांगितलेही नव्हते.

७८६ हा अंक अब्जदच्या हिशेबाने बिस्मिल्लाशी जोडला जातो. म्हणून अनेक जण अशी नोट बरकतीसाठी जपून ठेवतात. ठगांना ही भावना ठाऊक असते. पण जरा गणित करून पाहा. नोटेच्या क्रमांकात शेवटी सहा अंक असतात. सहा अंकांचे दहा लाख क्रमांक तयार होतात. त्यांत ७८६ हे अंक सलग येण्याच्या जागा चार आहेत आणि प्रत्येक जागेचे एक हजार क्रमांक होतात. म्हणजे दहा लाखांत सुमारे चार हजार नोटा, किंवा सरासरी दर २५० नोटांत एक! अशा नोटेसाठी कोणी तीन लाख का देईल?

रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी याविषयी लोकांना सावध केले. काही ठग बँकेचे नाव आणि बोधचिन्ह वापरून जुन्या नोटा व नाण्यांच्या व्यवहारासाठी शुल्क, दलाली किंवा कर मागतात. बँक असे व्यवहार करत नाही आणि असे पैसे कधीही मागत नाही, असे तिने स्पष्ट सांगितले. तेव्हा एवढे लक्षात ठेवा : विकणाऱ्याकडूनच जो आधी पैसे मागतो, तो ग्राहक नव्हे. घरात कोणी फसले, तर त्यांना रागावू नका. ताबडतोब १९३० या क्रमांकावर तक्रार करा. गप्प राहिल्याने फायदा होतो तो फक्त ठगाचा.

मग जुन्या वस्तू फेकून द्याव्यात का? मुळीच नाही. पुण्याच्या दिनकर केळकर यांनी दिवे, अडकित्ते, भांडी अशा रोजच्या वापरातील वस्तू आयुष्यभर गोळा केल्या. लहानपणीच वारलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने त्यांनी संग्रहालय उभारले. आज त्या वस्तूंतून आपल्याला जुन्या काळातील माणसे कशी जगत होती ते समजते.

तुमच्या पेटीतील वस्तूही अशीच जपा. ती कोणी आणली, कोठून आणली, त्यासाठी किती कष्ट केले, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारा आणि वहीत लिहून ठेवा. वस्तू पेटीत राहील. पण सांगणारी माणसे कायम राहत नाहीत.