चार इंच उंचीचा हिशोब



मागच्या वेळी कैरीच्या लोणच्याचं प्रमाण लिहिलं होतं. आजचा विषय बघून काहीजणी म्हणतील, ताईंना आता गाडीच्या स्प्रिंगांचं काय पडलंय? पण हल्ली आपल्या घराघरांत मुलांना डोंगरात गाडी घालायचा नाद लागलाय. थार, जिम्नी, नाहीतर कुणाची जुनी जिप्सी दारात उभी असते. गाडी येऊन वर्ष होतंय तोच वाक्य येतं, "आई, गाडी जरा उचलून घेतो." हे उचलणं म्हणजे नक्की काय आणि त्याला खर्च किती, हे आपल्याला ठाऊक असावं म्हणून लिहिते. गाडी मुलाच्या नावावर असली तरी तिच्यात बसतं सगळं घर.

आमच्या धाकट्याने 2021 मध्ये थार घेतली. त्यासाठी ह्यांची जुनी गाडी विकली, म्हणजे घरात चारचाकी तेवढी एकच. पावसाळ्यात तो मित्रांबरोबर लाल चिखलाच्या, दगडगोट्यांच्या वाटांवर जातो. मित्रांच्या गाड्या उचललेल्या, त्याची तशीच. थारची जमिनीपासूनची मूळ उंची 226 मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ नऊ इंच. मला ती भरपूर वाटायची, त्याला कमी वाटायला लागली. त्याला बॉडी आणखी चार इंच वर हवी होती. गॅरेजवाल्याने आकडा सांगितला, स्प्रिंग आणि शॉकअपचा संच 95,000 रुपये, मजुरी 22,000. एकूण 1,17,000.

आता हे काम कसं असतं ते सोपं करून सांगते. गाडीचं वजन थेट चाकांवर बसत नाही, मध्ये स्प्रिंग आणि शॉकअप असतात. जुन्या जीपला कमान पाटे असायचे, थारला गोल स्प्रिंग आहेत. मूळच्या जागी लांब स्प्रिंग, लांब शॉकअप घातले की बॉडी वर जाते. ऐकायला साडीला फॉल लावण्याइतकं सोपं! पण दाबलेल्या स्प्रिंगेत इतका जोर असतो की निसटली तर माणूस जायबंदी होतो. त्यामुळे हे काम घरच्या अंगणात करायचं नाही, एवढं पहिल्यांदा लक्षात ठेवा.

आणि बॉडी वर गेली तरी तिला खालून जोडलेल्या वस्तू होत्या तेवढ्याच लांबीच्या राहतात. खरी अडचण इथे सुरू होते.

थारची पुढची दोन चाकं स्वतंत्रपणे वरखाली होतात. इंजिनाची ताकद त्यांच्यापर्यंत नेणारे शाफ्ट जवळपास आडवे हवेत. बॉडी उचलल्यावर ते तिरके झाले. सांध्यावरचं रबर ताणलं आणि ग्रीस बाहेर येऊ लागलं. वरचे आर्म त्यांच्या हद्दीला जाऊन टेकले. अनुभवी फिटर सांगतात, अशा गाडीत दोनेक इंचांपर्यंत मूळचे जोड निभावून नेतात, त्यापुढे दर इंचाला नवी वस्तू लागते. म्हणून नवे आर्म आले, 38,000. शाफ्टचा तिरकेपणा कमी करायला पुढचा डिफरन्शियल खाली घेणारे ब्रॅकेट आले, 14,000.

मग स्टिअरिंग. वळण संपलं की ते आपोआप सरळ व्हायला हवं, ते होईना. हायवेवर गाडी सारखी इकडेतिकडे जायची. चाकांचा कोन बिघडला होता. तीनदा अलाइनमेंट केलं, 4,500. मागचा ॲक्सल एका बाजूला सरकलेला दिसला, कारण त्याला आडवा धरून ठेवणारा दांडा आता अपुरा पडत होता. कमी-जास्त करता येणारा दांडा घेतला, 11,000.

सगळ्यात काळजीची गोष्ट दुसऱ्या एका वयस्कर फिटरने दाखवली. गाडी जॅकवर घेऊन त्याने चाक पूर्ण खाली लोंबू दिलं आणि ब्रेकची रबरी नळी तारेसारखी ताणली गेली. पहिल्या गॅरेजमध्ये ती बदललीच नव्हती. डोंगरात एखादं चाक खड्ड्यात लोंबकळलं असतं आणि नळी सुटली असती तर काय झालं असतं, हे मी इथे लिहीत नाही. नव्या लांब नळ्या 9,000.

शेवटी टायर. उंच बॉडीखाली मूळचे टायर किरकोळ दिसतात म्हणून 33 इंची घेतले. स्टेपनी धरून पाच, 22,000 प्रमाणे 1,10,000.

मी बी.कॉम. झाले 1981 साली, नोकरी कधी केली नाही, पण घरखर्चाची वही एक दिवस चुकवलेली नाही. या गाडीचं पान मी वेगळं ठेवलं होतं. 1,17,000 सांगितले होते, बेरीज झाली 3,03,500.

वही लिहिताना आणखी एक गंमत कळली. मागची दोन्ही चाकं एका जाड ॲक्सलला जोडलेली आहेत. त्याच्या मधोमध डिफरन्शियलचा फुगवटा असतो आणि मागच्या बाजूला दगड आधी तिथे आपटतो. स्प्रिंग लांब केली की बॉडी वर जाते, पण ॲक्सल चाकांबरोबर होता तिथेच राहतो! तो वर येतो फक्त मोठ्या टायरने, तोही व्यास वाढला त्याच्या निम्मा. 31 चे 33 झाले म्हणजे एक इंच. पुढचा डिफरन्शियल बॉडीबरोबर वर गेला होता, त्याला ब्रॅकेट लावून आपणच पुन्हा खाली आणलं. बॉडीचं पोट वाचतं, उतार-चढावाला नाक घासत नाही, हा फायदा खराच. पण मागच्या ॲक्सलखाली तीन लाखांत मिळाला एक इंच.

मोठ्या टायरमुळे काटाही खोटा बोलायला लागला. काट्यावर 60 दिसले की गाडी खरी 64 च्या आसपास पळते. वजनाचा मध्य वर गेल्याने घाटाच्या वळणावर ती जास्त कलते. घसरण आवरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा तर मूळ उंची धरून बसवलेली. हेडलाइटही वर गेले, ते खाली करून घेतले नाहीत तर समोरच्याच्या डोळ्यांवर जातात.

कायद्याचंही सांगते. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे, नोंदणीतली माहिती कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. 2019 मध्ये सुप्रीम कोर्टाने हे स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. विमा कंपनीला न कळवता केलेला बदल दाव्याच्या वेळी आड येतो, तो वेगळाच.

पण आमच्या घरात निर्णय झाला तो पैशाने नाही आणि कायद्यानेही नाही.

सासूबाई 83 वर्षांच्या आहेत. दर अष्टमी-चतुर्दशीला गावाकडच्या बस्तीत दर्शनाला जाण्याचा त्यांचा नेम. 22 किलोमीटर, नातवाच्या गाडीतून. गाडी उचलल्यावर एका चतुर्दशीला त्या म्हणाल्या, "आज नको, घरीच जप करते." पुढच्या अष्टमीलाही तेच. मला वाटलं गुडघे दुखत असतील. तिसऱ्या वेळी मी विचारलं तेव्हा हळूच म्हणाल्या, "अगं, पाय पोचत नाही. दोघांनी धरून चढवायचं म्हणजे लाज वाटते. पोराला सांगू नकोस, हौसेनं केलंय त्यानं."

बॉडी चार इंच आणि टायरचा एक, म्हणजे पायरी पाच इंच वर गेली होती. जिन्याची जवळजवळ एक अख्खी पायरीच.

तोवर ह्यांच्यात आणि मुलात अबोला सुरू झाला होता. हे म्हणत, "काढून टाक ते सगळं." तो म्हणे, "माझे पैसे आहेत, बाबा." संध्याकाळच्या जेवणाला दोघं ताटात बघून जेवायचे. सूर्यास्ताआधी उरकायचं म्हणून कुणी वाद वाढवत नव्हतं, एवढंच.

मी वहीचं ते पान त्याच्यापुढे ठेवलं. त्याने बेरीज दोनदा तपासली, काही बोलला नाही. मग सासूबाईंचं सांगितलं. त्यांनी नको म्हटलं होतं, तरी सांगितलं. तो उठला, टेप घेऊन खाली गेला आणि पायरीची उंची मोजून आला. "आज्जी खरंच यामुळे येत नाहीये?" एवढंच विचारलं.

महिन्याभरात गाडी मूळ उंचीला आली. जुने स्प्रिंग मी पोत्यात बांधून माळ्यावर ठेवले होते, टायरही गच्चीत होते. काढलेल्या सामानाचे 1,20,000 आले, परत बसवायला 18,000 गेले. नुकसान 2,01,500. ते वहीत तसंच आहे, खोडलेलं नाही. सासूबाई पुन्हा बस्तीत जातात. मुलाची डोंगराची हौस काही गेलेली नाही. आता चिखलात शिरण्याआधी टायरची हवा कमी करतो, बाहेर आला की भरतो. त्याने पकड चांगली मिळते म्हणे, आणि खर्च फक्त हवेच्या पंपाचा. कधीकधी मित्रांच्या गाड्या बघून उसासा टाकतो. टाकू दे.

आपण परिमाण व्रतात किती ठेवायचं ते आधी ठरवतो, वस्तू समोर आल्यावर नाही. गाडीच्या उंचीलाही तेच लागू आहे.

तुमच्या घरी हा विषय निघाला तर नाही म्हणायची घाई करू नका, मुलं ऐकत नाहीत. शांतपणे एवढं विचारा:

• फक्त स्प्रिंगचा नाही, आर्म, शाफ्ट, ब्रेकची नळी, दांडा, अलाइनमेंट, टायर धरून पूर्ण आकडा किती?
• चाक पूर्ण खाली लोंबल्यावर ब्रेकची नळी ताणते का, ते जॅकवर दाखवशील का?
• आरटीओ आणि विमा कंपनीचं उत्तर लेखी आलंय का?
• मूळचं सामान जपून ठेवणार ना?
• आणि घरातलं सगळ्यात वयस्कर माणूस कुणाचा हात न धरता त्यात चढेल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर त्या माणसालाच विचारा, तेही एकांतात.