व्हॉट्सअ‍ॅप असताना हे कशाला?

पुणे, १८ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

शाळा सुरू झाल्याचं फोनवर कळलं. पहिलीत किती मुलं आली, ते मात्र तू सांगितलंच नाहीस. "तीन आठवडे झाले, ही पोरगी तिकडे बसून चॅटिंगचा प्रोग्राम लिहितेय. व्हॉट्सअ‍ॅप असताना हे कशाला?" एवढं विचारून तू फोन ठेवलास. उत्तर दोन वाक्यांत मावणारं नव्हतं, म्हणून हे पत्र.

पहिल्या दिवशी तुझ्या लेकीचा सर्व्हर पायथनमधल्या वीस-बावीस ओळींचा होता. एका खिडकीत सर्व्हर चालू केला, दुसऱ्या खिडकीतून 'मामी, चहा' असं टाइप केलं, ते सर्व्हरच्या खिडकीत उमटलं आणि तिने घर डोक्यावर घेतलं. मग तिने तिसरी खिडकी उघडली. जोडणी झाली, एररही आली नाही, पण टाइप केलेलं काही उमटेना. अर्ध्या तासाने कंटाळून तिने आधीची खिडकी बंद केली, आणि तिसरीतले अडकलेले सगळे निरोप सर्व्हरवर एकदम येऊन पडले. प्रोग्राम पहिल्या माणसाच्या पुढच्या वाक्याची वाट बघत थांबला होता. दुसरा माणूस दाराशी आलाय, हे बघायला तो मोकळाच नव्हता. दुसऱ्याचं बोलणं तेवढा वेळ ऑपरेटिंग सिस्टिमने सांभाळून ठेवलं होतं.

ताई, हे तुला कुणी समजावून सांगायची गरज नाही. दोनशिक्षकी शाळेत तू एकाच खोलीत दोन इयत्ता शिकवतेस. पहिलीला पाटीवर अक्षरं गिरवायला देतेस, तेवढ्यात दुसरीचे पाढे घेतेस, परत पहिलीकडे वळतेस. संगणकात हे काम थ्रेड करतात. येणाऱ्या प्रत्येक माणसामागे सर्व्हर एक थ्रेड नेमतो. एकाचा थ्रेड वाट बघत थांबला, तरी दुसऱ्याचं काम अडत नाही. ही दुरुस्ती तिने एका संध्याकाळी केली. ती करताना, समोरचा माणूस निघून गेला तर काय करायचं, ती ओळ तेवढी गळली. खिडकी बंद केली की त्या माणसाचा थ्रेड रिकामी उत्तरं पुन:पुन्हा वाचत राहायचा आणि लॅपटॉपचा पंखा घोंगावायला लागायचा. ही चूक मी कानाने ओळखली.

त्यानंतरची चूक अशी सहज हाती लागणारी नव्हती. आलेला निरोप सगळ्यांना पोचवायचा, तर जोडलेल्या सगळ्यांची यादी हवी. ही यादी म्हणजे हजेरीपटच. तू हजेरी घेत असताना दुसऱ्या कुणी त्याच पटातलं नाव खोडून खालची नावं वर सरकवली, तर एखाद्या मुलाचं नाव पुकारायचं राहून जाईल. इथे तसंच झालं. यादीत चौघं होती. पहिल्या दोघांना निरोप गेला, तेवढ्यात पहिल्याने खिडकी बंद केली आणि दुसऱ्या थ्रेडने त्याचं नाव काढलं. तिसरा दुसऱ्याच्या जागी सरकला. निरोप वाटणारा थ्रेड मात्र आता तिसरी जागा बघणार होता, आणि तिथे चौथा होता. एरर नाही, सूचना नाही, एका माणसाला निरोप पोचलाच नाही एवढंच. वर पुन्हा करून बघावं तर सगळं ठीक! दोन दिवस ती चिडचिडी झाली होती, जेवणावर लक्ष नव्हतं, ते याचमुळे. उपाय जुना आहे. एका वेळी एकालाच हात लावता येईल अशी व्यवस्था कशी करायची, हे डच संगणकशास्त्रज्ञ एट्सखर डाइक्स्ट्रा यांनी १९६५मध्ये एका छोट्याशा लेखात मांडलं होतं. तिने यादीला लॉक लावलं. यादीची प्रत काढण्यापुरतंच ते धरायचं आणि निरोप लॉक सोडल्यावर पाठवायचे, हेही तिचं तिलाच सुचलं. नाहीतर एकाचं नेट रखडलं की सगळेच ताटकळले असते.

पण मला सगळ्यात मोलाची वाटते ती तिसरी चूक, कारण ती मराठीमुळे सापडली.

पुस्तकांतली उदाहरणं 'हॅलो'ची असतात. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, म्हणजे पाच अक्षरांना पाच. 'नमस्कार' लिहिताना अक्षरं, हलन्त आणि काना मिळून सात चिन्हं होतात, आणि यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येकाला तीन बाइट, म्हणजे एकवीस. तिचा सर्व्हर एका घासाला जास्तीत जास्त १०२४ बाइट वाचायचा. तुझ्या शाळेच्या स्नेहसंमेलनाचा अहवाल तिने गेल्या वर्षी टाइप करून दिला होता ना, तोच अख्खा चिकटवून पाठवला आणि तो थ्रेड कोसळला. तिने कच्चे बाइट छापून पाहिले. तुकड्याच्या शेवटी 'ई०' आणि 'ए४' असे दोनच बाइट होते. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह 'ई०'ने सुरू होतं, त्यापुढे 'ए४' किंवा 'ए५' येतं आणि तिसऱ्या बाइटवर ते पुरं होतं. हा तिसरा बाइट पुढच्या तुकड्यात गेला होता. अक्षर मधोमध चिरलं होतं!

निरोप वाहून नेणारं टीसीपी बाइट क्रमाने पोचवतं. निरोप कुठे संपला, हे त्याला ठाऊक नसतं. ही गोष्ट तिच्या वर्गात सगळ्यांनी परीक्षेत लिहिली असेल, पण तिला ती त्या दोन बाइटांत दिसली. आता ती प्रत्येक निरोपाच्या शेवटी नव्या ओळीची खूण लावते, ती खूण येईपर्यंत बाइट साठवते आणि मगच अक्षरं वाचते. नव्या ओळीचा बाइट यूटीएफ-८मध्ये दुसऱ्या कुठल्याही अक्षराच्या पोटात येत नाही, म्हणून हे निर्धास्त चालतं. यूटीएफ-८ ही पद्धत केन थॉम्सन यांनी १९९२मध्ये न्यू जर्सीतल्या एका उपाहारगृहात, रॉब पाइक यांच्यासमोर, ताटाखालच्या कागदावर आखली होती. हे ऐकल्यावर ती बराच वेळ गप्प होती.

ओळीच्या खुणेची युक्तीही जुनीच. फिनलंडमधल्या औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी १९८८मध्ये आयआरसी हा गप्पांचा प्रोग्राम लिहिला, त्यातही निरोप असाच ओळीच्या खुणेने संपतो. त्याच्याही आधी, १९७३मध्ये, इलिनॉय विद्यापीठाच्या प्लेटो यंत्रणेवर टॉकोमॅटिक होतं. त्यात माणूस टाइप करेल तसं एकेक अक्षर पलीकडे दिसायचं.

राहिला व्हॉट्सअ‍ॅपचा प्रश्न. एका सर्व्हरवर एकाच वेळी वीस लाखांहून जास्त जोडण्या सांभाळल्याचं त्यांनी जानेवारी २०१२मध्ये जाहीर केलं होतं, तेही एरिक्सन कंपनीत टेलिफोन एक्स्चेंजसाठी घडवलेल्या अर्लांग भाषेच्या जोरावर. माणसामागे एक थ्रेड ही तिची पद्धत तिथे टिकायची नाही. पण ती का टिकणार नाही, हे ती आता कागदावर चित्र काढून सांगते. तीन आठवड्यांपूर्वी तिला हा प्रश्नही पडला नसता. तिच्या कॉलेजात हाच प्रयोग दोन तासांत उरकतात, प्रोग्राम उतरवून घेतात, सही होते. तो उतरवलेला प्रोग्राम चालतो, आणि तो चालतो म्हणूनच त्यातून कुणी काही शिकत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणून एक विनंती. रविवारी ती घरी येईल तेव्हा "झालं का तुझं ते?" असं विचारू नकोस. तुझा लॅपटॉप आणि भाऊजींचा, दोन्ही घरच्या वायफायवर लाव आणि तिच्या सर्व्हरला जोड. जोडाक्षरांनी भरलेलं लांबलचक काहीतरी लिही, मध्येच एक खिडकी बंद कर, आणि काय होतं ते तिच्याबरोबर बघ. निरोप अजून उघडेच जातात, तेव्हा पासवर्ड वगैरे त्यात लिहू नका. पोर्ट ५००० आहे.

भाऊजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा