वळिवड्याच्या वाटेवर

गेल्या आगमनकाळात कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतील एका कामगाराच्या खोलीवर जपमाळेच्या प्रार्थनेसाठी गेलो होतो. पत्र्याची खोली, कोपऱ्यात पवित्र मरियेची तसबीर. प्रार्थना आटोपल्यावर झारखंडहून नवऱ्यामागे आलेल्या गृहिणीने भीतभीत विचारले, "फादर, आम्ही इथले कधी होणार?" मी निरुत्तर झालो. आठ महिने ती चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसत होती आणि मी तिचे नावही विचारले नव्हते.

परतताना वळिवडे आठवले. दुसऱ्या महायुद्धात पोलंडचे दोन लचके तोडले गेले. हिटलरने व्यापलेल्या प्रदेशात ज्यू बांधवांचा संहार झाला. सोव्हिएत सैन्याने बळकावलेल्या पूर्व भागातून १९४० पासून असंख्य कुटुंबे मालगाड्यांत कोंबून सैबेरिया व कझाकस्तानात धाडण्यात आली. थंडी, उपासमार व रोगराईने कित्येकांचा बळी घेतला. १९४१ च्या करारानंतर सुटलेल्यांपैकी काहीजण इराणमार्गे भारतात पोचले. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहिले. बहुतेक स्त्रिया आणि मुले. धर्माने बव्हंशी कॅथलिक.

कुणाचा पती युद्धावर, कुणाचे मूल वाटेतच पुरलेले. तरीही त्या मातांनी बराकींपुढे फुलझाडे लावली, मुलांना शाळेत धाडले, चर्चमध्ये आपल्या भाषेत गीते गायिली. युद्ध संपले, परंतु अनेकींची गावे आता सोव्हिएत संघात गेली होती. परतायला घरच उरले नाही. पुष्कळजणी इंग्लंडसारख्या दूरदेशी गेल्या. एक तरुणी मात्र कोल्हापूरची सून होऊन इथेच राहिली. पुढे त्याच बराकींत फाळणीने उखडलेल्या सिंधी बांधवांनी संसार मांडले; तेच आजचे गांधीनगर. २०१७ मध्ये पोलंडच्या राजधानीत, वॉर्सात, कोल्हापूरच्या नावाचे स्मारक उभे राहिले.

प्रिय वाचकहो, प्राण वाचल्याने मनुष्य तगतो. कुणीतरी त्याला आपले म्हटले की तो पुन्हा जगू लागतो. हेरोदाच्या भयाने इजिप्तला पळालेल्या पवित्र कुटुंबालाही कुणीतरी दार उघडले असेलच. त्या दार उघडणाऱ्याचे नाव शुभवर्तमानात नाही. पण दार उघडणे आपल्या हाती आहे.

पुढच्या रविवारी मिस्सानंतर मी शेवटच्या बाकापाशी गेलो आणि त्या बहिणीला तिचे नाव विचारले. नाताळच्या मध्यरात्री तिने आपल्या बोलीतील गीत गायिले. शब्द आम्हांला कळले नाहीत. पण प्रार्थनेनंतर आमच्या तीन-चार भगिनी तिला आपल्या घरी फराळाला घेऊन गेल्या.